घरच्या जनुक चाचणीत ‘ई4’ निघाला? या चुका टाळा

नळीत लाळ भरून पाठवायच्या किटमध्ये स्मृतिभ्रंशाच्या धोक्यासाठी सहसा एकच जनुक तपासतात, एपीओई. त्याचे मुख्य प्रकार तीन: ई2, ई3, ई4. आईकडून एक प्रत येते, वडिलांकडून एक. ई4 मुळे उतारवयातल्या अल्झायमरची शक्यता वाढते, हे 1993 पासून माहीत आहे. 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि चाचण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) ट्वेंटीथ्री-अँड-मी या घरच्या जनुक चाचण्या विकणाऱ्या कंपनीला हा रिपोर्ट थेट ग्राहकाला द्यायची परवानगी दिली.

सगळ्यात जास्त घबराट होते ती ई4 च्या एका प्रतीबद्दल ऐकू येणाऱ्या ‘तिप्पट धोका’ या शब्दांनी. पण तिप्पट म्हणजे कशाच्या तिप्पट? समजा एखाद्या वयात शंभरातल्या दोघांना हा आजार होतो. तिप्पट झाले तरी सहा, उरलेल्या चौऱ्याण्णवांना नाही. ई4 च्या दोन प्रती असतील तर धोका बराच जास्त असतो, तरीही तो रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे. शिवाय हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासातून आलेत. आफ्रिकी वंशाच्या लोकांत ई4 चा परिणाम कमी दिसतो. म्हणून तो आकडा आपल्या घराला जसाच्या तसा लावू नका.

दुसरी चूक म्हणजे कंपनीकडून कच्च्या डेटाची (तपासलेल्या प्रत्येक जागेवरची अक्षरं असलेली) फाइल उतरवून घ्यायची आणि कुठल्यातरी साइटवर टाकून निकाल काढायचा. फाइल उघडलीच असेल तर या जनुकातल्या दोन जागांच्या ओळी शोधा, आरएस 429358 (rs429358) आणि आरएस 7412 (rs7412). दोन्हीकडे ‘सीसी’ असेल तर ई4 च्या दोन प्रती. पहिलीत ‘टीटी’, दुसरीत ‘सीसी’ असेल तर ई3 च्या दोन. एका ओळीत अक्षरांऐवजी नुसत्या रेघा असतील, तर ती जागा वाचताच आलेली नाही. मग प्रकार ठरवताच येत नाही. आणि अक्षरं स्पष्ट दिसली तरी कच्च्या डेटात चुका असतात. ई4 दिसला तर वैद्यकीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घ्या, तोवर कुठलाही निर्णय घेऊ नका.

ई4 नाही म्हणून निर्धास्त राहणं हीसुद्धा चूकच. ई4 नसलेल्या अनेकांनाही अल्झायमर होतो, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंश तर वेगळाच. घरात कुणाला चाळिशी-पन्नाशीत विसराळूपणाचा आजार जडला असेल, तर तिथे पीएसईएन1 सारखी वेगळी जनुकं तपासावी लागतात. हे काम जनुकीय समुपदेशकाचं.

रिपोर्ट लगेच घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. तुमच्यात ई4 च्या दोन प्रती असतील तर आई आणि वडील दोघांतही तो आहे, आणि तुमच्या प्रत्येक मुलाला एक प्रत मिळणारच. त्यांना हे जाणून घ्यायचंय का, ते आधी विचारा. अमेरिकेत राहत असाल तर विम्याचंही बघा: तिथला 2008 चा कायदा आरोग्यविमा आणि नोकरीपुरतं संरक्षण देतो, आयुर्विम्याला नाही.

आईबाबा आत्ताच विसरायला लागले असतील तर किट मागवण्यात वेळ घालवू नका, डॉक्टरांकडे न्या. बी12 ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं, यांनीही माणूस विसराळू वाटतो, आणि यांवर उपाय आहेत. अल्झायमरवरच्या लेकानेमॅबसारख्या नव्या औषधाचा विषय निघाला तर डॉक्टर एपीओईची तपासणी स्वतः करायला सांगतील, कारण ई4 च्या दोन प्रती असलेल्यांत त्या औषधाने मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याची शक्यता जास्त असते.