काटा शून्यावर, तरी आत हवा

अकरावीच्या सुट्टीत मी मालवणात एका स्कूबावाल्याकडे सिलिंडर भरायला हाताखाली होतो. पीव्ही बरोबर एनआरटी, म्हणजे वायूचा दाब गुणिले आकारमान बरोबर मोल (पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक) गुणिले आर गुणिले केल्विनमधलं तापमान, हे सूत्र मला तिथे कळलं, आणि वाईट खोडही तिथेच लागली.

12 लिटरचा सिलिंडर, दाबमापकाच्या काट्यावर 200 बार (बार हे दाबाचं एकक), तापमान 27 अंश म्हणजे 300 केल्विन. आर, म्हणजे वायूचा स्थिरांक, 0.0831 धरला की हवा साधारण 96 मोल. (इतक्या दाबाला खरी हवा आदर्श वायूसारखी वागत नाही, पण अंदाजाला चालतं.) काट्यावरचा आकडा उचलायचा आणि सूत्रात टाकायचा, वर्षभर हेच केलं.

मग बारावीची तोंडी. एक्स्टर्नलनी विचारलं, "10 लिटरची टाकी, काटा शून्यावर, तापमान 27. आत किती मोल हवा?" मी ठणकावून सांगितलं, "शून्य." ते नुसते हसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

नीट ऐका. काटा आतला पूर्ण दाब दाखवतच नाही. बाहेरच्यापेक्षा आत किती जास्त आहे, तेवढंच दाखवतो. आपण समुद्रकाठचे, बाहेर जवळजवळ 1 बार आहेच. म्हणून शून्य म्हणजे 1, आणि त्या टाकीत 0.4 मोल हवा होती. काटा 2 दाखवतो तेव्हा सूत्रात 3 घालायचे. 2 घातलेत तर एक तृतीयांश हवा हिशोबातून गायब. सिलिंडरच्या 200 मध्ये 1 ची चूक दिसत नाही, म्हणून मी फसलो. पाण्याखालीही तेच: दर 10 मीटरला सुमारे 1 बार वाढतो, म्हणजे 10 मीटरवर एकूण 2, आणि वरून फुगवून नेलेला फुगा निम्मा होतो. वर दाब शून्य धरलात तर हे गणित मांडताच येणार नाही.

कॉम्प्रेसरवरच्या काकांना माझी फजिती सांगितली. ते म्हणाले, "भायर जितको वारो, तितकोच भितर. ह्यां शिकूक कॉलेज कशाक व्हया?" माझ्या मते असा एक माणूस दहा क्लासच्या नोट्सना भारी.

नोट्सवरून आठवलं. एका मोलाला 22.4 लिटर हा शॉर्टकट डोळे मिटून वापरू नका. तो शून्य अंशाचा आहे. तारकर्लीला शून्य अंश कोणी बघितलाय? आपल्याकडे 30 अंशांना तोच मोल 25 लिटरच्या आसपास जागा घेतो. केल्विनचं मी सांगत नाही, ते सगळेच ओरडून सांगतात.

घाबरू मात्र नका. विषय अवघड नाही, आठवडाभर रोज चार गणितं केलीत तर हात बसतो. पण 1 मिळवायला विसरलात तर मार्क जाणारच, दया नाही. माझे किती गेले, ते घरी अजून सांगितलेलं नाही.