नवेगावबांधला जाताना

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली घोषित झाले आणि २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहे. तरीही येथे केवळ वाघासाठी येणे म्हणजे अर्धे पाहून परतणे होय, कारण कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव हेच या जंगलाचे खरे वैभव आहे. स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत पहाटेच दुर्बीण घेऊन काठावर बसावे, आणि झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातील या जंगलपट्ट्याची, थंडी बोचरी असल्याने स्वेटर विसरू नये. वन्यप्राणी पाहायचे असल्यास एप्रिल-मे उत्तम, कारण पानगळीमुळे नजर दूरवर पोहोचते आणि पाणी आटल्याने सांबर, गवे, अस्वले पाणवठ्यांकडे वळतात. मात्र ऊन भाजून काढते, तेव्हा सकाळची फेरीच निवडावी. पावसाळ्यात सफारी बंद असते, त्या दिवसांत तलावाच्या परिसरातच फिरावे. सफारीची नोंदणी वन विभागाच्या संकेतस्थळावर आधी करावी आणि मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे. भडक कपडे टाळावेत, जिप्सीतून उतरू नये आणि स्थानिक मार्गदर्शकाचे ऐकावे, कारण वाघ-बिबट्याची चाहूल देणारी वानराची खकार किंवा चितळाची हाक त्याला आपल्याआधी कळते.