मुंबई ते नेवार्क: अंतर किती, तास किती

लेक न्यू जर्सीत एडिसनला असते (तिथला विमानतळ नेवार्क, न्यूयॉर्कच्या अगदी जवळ), त्यामुळे सांगलीतल्या आमच्या ओळखीतलं कुणी अमेरिकेला निघालं की तिकीट घेऊन माझ्याकडे येतं. "काकू, रात्री दीडला सुटून सकाळी पावणेआठला पोचतंय, म्हणजे सहाच तास?" हा प्रश्न ठरलेला.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावू नका, नकाशा सपाट आहे. घरातला पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा दोरा. दोरा विषुववृत्ताभोवती गुंडाळून मोजा. ती लांबी म्हणजे 40,000 किलोमीटर. आमच्या गोलावर 80 सेंटिमीटर भरला, म्हणजे एका सेंटिमीटरला 500 किलोमीटर. आता एक टोक मुंबईवर बोटाने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणा. तो आपोआप वर सरकतो: मध्य आशिया, रशिया, नॉर्वे-स्वीडन, आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक. 25 सेंटिमीटर, म्हणजे 12,500 किलोमीटर. नातवाने तीनदा मोजून पाहिलं. लंडनही या दोऱ्यापासून फार लांब नाही, म्हणून लंडनमार्गे गेलात तरी अंतर जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटरच वाढतं. वेळ खातो तो तिथला थांबा. तिकीट घेताना तो आधी बघा.

ताशी 900 किलोमीटरने चौदा तास होतात, पण जाताना वारा समोरून येतो आणि विमान दोऱ्यासारखं सरळही जात नाही. पंधरा-सोळा तास धरा.

आता तिकीट. त्यावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. मी पोचायची वेळ आधी भारतीय करून घेते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथल्या वेळेत साडेनऊ तास मिळवायचे, एरवी साडेदहा. जूनमध्ये सकाळी 7:45 म्हणजे आपली संध्याकाळची 5:15. त्यातून रात्रीचे 1:30 वजा केले की पावणेसोळा तास. परतीचंही तसंच: तिथून रात्री 8:30 म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची सकाळ 6, मुंबईत रात्री 8:45ला उतरलात तर पावणेपंधरा तास. येताना वारा पाठीशी असतो.

एक गोष्ट मात्र लाल पेनाने लिहून ठेवा. 12 जूनचं रात्री 1:30चं विमान म्हणजे 11 तारखेच्या रात्री विमानतळावर. पहिल्या खेपेला आम्ही 12च्या रात्रीचीच तयारी करत होतो. लेकीने फोनवर विचारलं, "आई, आज निघताय ना?" तेव्हा पिठाचे हात तसेच ठेवून मी तिकीट पुन्हा वाचलं.

रक्तदाबाची गोळी किती तासांनी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारा. मी हातातलं घड्याळ लेकीच्या घरी पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवते, गोळ्या त्यावर घेते.

आणि प्रवास दारापासून दारापर्यंत मोजा. 11 तारखेला सकाळी 10ला आम्ही सांगलीत कुलूप लावलं; गाडीने मुंबई, विमान, तिकडची पासपोर्टची रांग, बॅगा, असं करत एडिसनच्या दारात पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे 10 होते. माझ्या मनगटावर संध्याकाळचे साडेसात. साडेतेहतीस तास झाले होते. त्या दिवशी लेकीला सांगून ठेवा, फक्त वरण-भात कर.