जुन्या संगणकासाठी हलकी ऑपरेटिंग सिस्टीम कशी निवडावी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी संगणक आता लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या वाटेवर आहेत. मात्र 'सगळ्यात हलकी' सिस्टीम शोधत बसू नका. लिनक्सच्या अनेक रूपांपैकी लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती नुसती सुरू असताना साधारण ७०० ते ९०० एमबी रॅम घेते, अँटीएक्स हे दुसरं रूप २०० एमबीच्या आसपास. म्हणजे बचत अर्ध्या जीबीच्या थोडी पुढे. उलट फायरफॉक्समध्ये ईमेल, यूट्यूब आणि बँकेची साइट एकदम उघडली की एकटा ब्राउझर एक-दीड जीबी सहज खातो, आणि सिस्टीम हलकी आहे म्हणून तो कमी खात नाही. तेव्हा तुमच्या मशीनवर ब्राउझरसाठी किती जागा उरेल, हे आधी पाहा. निवड त्यावरच ठरते.

मशीन तपासा

विंडोज सुरू असेल तर सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'अबाउट' उघडा. तिथे रॅम दिसते आणि 'सिस्टीम टाइप'ही दिसतो. इथे बरेच जण फसतात. '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४ प्रोसेसर' असं लिहिलेलं असेल तर प्रोसेसर ६४-बिटच आहे, दुकानदाराने त्यावर ३२-बिट विंडोज टाकलेलं आहे एवढंच. कोअर २ ड्युओ आणि त्यानंतरचे कोअर आय३, आय५ हे सगळे ६४-बिट आहेत. खरोखर ३२-बिट म्हणजे जुने पेंटियम ४, किंवा २००८च्या सुमाराच्या छोट्या नेटबुकमधला ॲटम एन२७०. पेंटियम ३ आणि ॲथलॉन एक्सपी यांच्यात एसएसई२ ही आज्ञांची सोय नाही, त्यामुळे त्यांवर आजचा फायरफॉक्स किंवा क्रोम सुरूच होत नाही.

मग डिस्क पाहा. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर सिस्टीम बदलण्याआधी २.५ इंची साटा जोडणीची एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या. १२० जीबीची पुरते, २४० जीबीची घेतली तर जागेची काळजी उरत नाही. जुन्या साटा २ पोर्टवर एसएसडी पूर्ण वेगाने धावत नाही, पण मशीन अडकतं ते डिस्कवर विखुरलेल्या बारीक फाइली वाचताना, आणि तिथे एसएसडी कुठल्याही सिस्टीमवर फरक दाखवते. डेस्कटॉपमध्ये डिस्कला ४० पिनांची रुंद पट्टी जोडलेली असेल तर ती साटाआधीची आयडीई जोडणी आहे, साटा एसएसडी थेट बसणार नाही.

रॅम वाढवायची तर प्रकार जुळवून घ्या. डीडीआर२च्या खाचेत डीडीआर३ बसत नाही. डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांची खाच सारखीच असते, पण फक्त १.३५ व्होल्टवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची डीडीआर३ घातली तर मशीन सुरू होत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुन्या रॅमच्या काड्या मिळतात. जाताना मशीनमधली काडी सोबत न्या.

आता निवड

६४-बिट प्रोसेसर आणि ४ जीबी किंवा जास्त रॅम: लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई. दुसरं काही शोधू नका. २२ मालिकेला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट आहेत, विंडोजवरून येणाऱ्याला मेनू ओळखीचा वाटतो, आणि अडलं तर उत्तर देणारे पुष्कळ सापडतात.

६४-बिट आणि २ जीबी: लुबुंटू २४.०४ किंवा एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपसह डेबियन. आमचा कल डेबियनकडे आहे. लुबुंटूत फायरफॉक्स स्नॅप (सगळं एकत्र बांधलेलं ॲपचं पॅकेट) स्वरूपात येतो आणि फिरणाऱ्या डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला फार वेळ घेतो. शिवाय लुबुंटू २४.०४चा सपोर्ट एप्रिल २०२७पर्यंतच आहे. पण डेबियनची मांडणी नवख्याला जरा कोरडी वाटेल. दोन्हींवर एका वेळी तीन-चारच टॅब, हा नियम पाळावा लागेल.

३२-बिट किंवा १ जीबी रॅम: अँटीएक्स २३. ३२-बिट प्रोसेसर असेल तर त्याची ३८६ आवृत्ती घ्या. इथे अपेक्षा बेताच्याच ठेवा. लिनक्सवर ३२-बिट क्रोम २०१६लाच बंद झाला, फायरफॉक्सनेही १४४नंतर ३२-बिट लिनक्स सोडलं. डेबियन १३मध्ये ३२-बिटचा इन्स्टॉलर नाही. लिहिणं, पीडीएफ वाचणं, गाणी ऐकणं यासाठी मशीन उत्तम चालेल. बँकेच्या कामासाठी ते वापरू नका.

डिस्कच मेलेली असेल तर पपी लिनक्स पेनड्राइव्हवरून रॅममध्ये चढतं. बुकवर्मपप६४ किंवा बुकवर्मपप३२ घ्या. बंद करताना 'सेव्ह फाइल' बनवायला विसरलात तर केलेलं काम जातं.

गूगलच्या क्रोमओएस फ्लेक्स या सिस्टीमला ६४-बिट प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम लागते, ते डिस्क पूर्ण पुसतं, आणि प्ले स्टोअरची ॲप त्यावर चालत नाहीत. सगळं काम ब्राउझरमध्येच असेल तर ठीक आहे.

'लाइट' नावाने फिरणाऱ्या कापलेल्या विंडोज घेऊ नका. आत काय काढलं आणि काय घातलं हे तपासता येत नाही. विंडोज ७वर परत जाणंही नको: त्यावर चालणारा शेवटचा क्रोम १०९ आहे. टॅली किंवा श्रीलिपीवर रोजचं काम चालत असेल तर ते मशीन विंडोजवरच ठेवा, शक्य तेवढं इंटरनेटपासून दूर. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनच्या भरवशावर हिशेब सोपवू नका.

पुसण्याआधी चालवून पाहा

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि विंडोजवरच्या रुफस या प्रोग्रामने त्यावर आयएसओ (उतरवलेली सिस्टीमची फाइल) लिहा. जुन्या बायॉसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) मशीनसाठी पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा. जीपीटी या दुसऱ्या पर्यायावर बरीच जुनी मशीन बूट होत नाहीत. मोबाइल डेटावर उतरवलेली आयएसओ अर्धवट असू शकते, म्हणून रुफसमध्येच एसएचए२५६ हा पडताळणीचा आकडा काढून मूळ साइटवरच्या आकड्याशी ताडा. पेनड्राइव्ह दिसूनही बूट झाला नाही तर तो डीडी मोडमध्ये पुन्हा लिहा. बूट मेनूसाठी डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९. एसरवर एफ१२चा मेनू अनेकदा बायॉसमध्ये बंद असतो, तो आधी सुरू करावा लागतो.

पेनड्राइव्हवरूनच सिस्टीम (लाइव्ह) चालू झाली की वायफाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा आणि ब्राइटनेस तपासा. लॅपटॉपचं झाकण मिटून पुन्हा उघडा. झोपलेलं मशीन जागं होत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. पडदा काळा राहिला तर मिंटच्या बूट मेनूमधला 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडा. जुन्या एनव्हिडिया कार्डांवर हे बरेचदा घडतं. ब्रॉडकॉमचं वायफाय दिसत नसेल तर फोन यूएसबी टेदरिंगने जोडा आणि 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून ड्रायव्हर घ्या.

साइट उघडताना प्रमाणपत्राची चूक येत असेल तर आधी तारीख पाहा. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटण-बॅटरी संपली की घड्याळ मागे जातं आणि ब्राउझर सुरक्षित साइटही नाकारतो. बॅटरी बदला.

समाधान झालं की फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढा, एकदोन फाइली तिथून उघडून पाहा, आणि मगच 'इरेज डिस्क'वर जा.

टाकल्यावर

रॅम ४ जीबी किंवा कमी असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून झेडरॅम-टूल्स घ्या आणि त्याच्या सेटिंग फाइलमध्ये टक्क्यांच्या ओळीपुढची # खूण काढून ५० ठेवा. रॅममधला नको असलेला भाग दाबून रॅममध्येच ठेवला जातो आणि डिस्कवरची घासाघीस कमी होते.

यूट्यूब अडखळतं कारण जुन्या ग्राफिक्सला व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओचे प्रकार हार्डवेअरने उलगडता येत नाहीत. फायरफॉक्समध्ये 'एच२६४इफाय' हे जुना एच.२६४ प्रकार मागणारं एक्स्टेंशन घाला आणि दर्जा ४८०पीवर ठेवा.

मराठी टायपिंगसाठी एक्सएफसीईमध्ये कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी जोडा. तुम्हाला इनस्क्रिप्ट (सरकारी कीबोर्ड मांडणी) टाइप करता येत असेल तर ते घ्या, नसेल तर 'कगप, फोनेटिक' निवडा. भाषा बदलायची कळ तिथेच ठरवता येते.