‘सक्सीड’: पुढे ‘इन’ आहे की माणूस?

नागपूरच्या महाल भागात आमच्या घराच्या वरच्या खोलीत संध्याकाळी मी इंग्रजी बोलायचा क्लास घेते. मागच्या उन्हाळ्यात एक मुलगा मुलाखत देऊन थेट क्लासला आला. पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहतोस, असं मॅनेजरने विचारलं होतं. यानं त्यांच्याकडे बघून ठणकावलं, “सर, आय वॉन्ट टू सक्सीड यू.”

“मॅनेजर हसले नं मॅडम, मले वाटलं झालं आपलं काम!”

त्याला म्हणायचं होतं, तुमच्यासारखं यशस्वी व्हायचंय. समोरच्याला ऐकू गेलं, तुमच्या खुर्चीवर मला बसायचंय. नोकरी काही लागली नाही. त्याचं कारण हेच होतं की दुसरं काही, देव जाणे.

‘सक्सीड’ हे क्रियापद दोन कामं करतं: यश मिळवणं, आणि कुणाच्या मागून त्याच्या जागी येणं. कुठलं काम चाललंय ते पुढच्या शब्दावरून कळतं. पुढे ‘इन’ असेल तर यश. पुढे थेट माणूस असेल तर खुर्ची.

यशाच्या बाबतीत मराठी आपल्याला मदत करते. “कर्ज मिळवण्यात ती यशस्वी झाली” या वाक्यातल्या ‘मिळवण्यात’चा शेवटचा ‘त’ बघा. तोच इंग्रजीतला ‘इन’, आणि ‘मिळवणं’ म्हणजे ‘गेटिंग’. म्हणून “शी सक्सीडेड इन गेटिंग द लोन.” तरी दर बॅचमध्ये निम्मे लोक “सक्सीडेड टू गेट” लिहितातच. तो ‘टू’ खोडून खोडून माझी लाल रिफिल संपते.

खुर्चीच्या बाबतीत मात्र मराठीच पाय ओढते. आपण “गोगोईंच्या नंतर बोबडे आले” म्हणतो, म्हणून हात आपसूक ‘आफ्टर’ लिहितो. तो नको. आपल्या नागपूरचे शरद बोबडे 18 नोव्हेंबर 2019 ला सरन्यायाधीश झाले, त्याचं वाक्य असं: “बोबडे सक्सीडेड गोगोई ॲज चीफ जस्टिस.” ‘नंतर’ हा अर्थ क्रियापदाच्या पोटातच आहे. उलटं सांगायचं तर ‘बाय’ घ्या: “ही वॉज सक्सीडेड बाय रमणा इन 2021.” आणि माणसाऐवजी गादी किंवा पद आलं, तर ‘टू’ लागतो: “सक्सीड टू द थ्रोन.” पुढे थेट माणूस असल्याचं आणखी एक उदाहरण, नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले यांचं, मी खिडकीकडे हात करून देते, कारण भोसल्यांचा वाडा इथून पायी जाण्याइतका जवळ आहे. 1853 मध्ये ते वारले, पोटी मुलगा नव्हता, दत्तक वारस डलहौसीनं मानला नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा झालं. “नोबडी वॉज अलाउड टू सक्सीड हिम.” हे वाक्य पोरं विसरत नाहीत.

नामंही दोन वेगळी आहेत. यशाचं ‘सक्सेस’, वारशाचं ‘सक्सेशन’. क्लासमधल्या एका ताईंना नवऱ्याच्या पश्चात त्यांच्या शेअर्ससाठी सक्सेशन सर्टिफिकेट मागितलं गेलं. त्यांना वाटलं, यशाचं कसलं प्रमाणपत्र आता? ते उत्तराधिकाराचं असतं, 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली कोर्ट देतं. विशेषणांचंही तसंच आहे. ‘सक्सेसफुल’ म्हणजे यशस्वी, ‘सक्सेसिव्ह’ म्हणजे लागोपाठचं. “थ्री सक्सेसिव्ह संडेज” म्हणजे ओळीनं तीन रविवार, ते चांगले गेले असोत की वाईट.

आपण सर्रास “ऑपरेशन सक्सेस झालं” म्हणतो. मराठीत चालू द्या. इंग्रजीत “द ऑपरेशन वॉज अ सक्सेस” किंवा “वॉज सक्सेसफुल”, नुसतं “ऑपरेशन सक्सेस” नाही.

स्पेलिंगचं एकदाच सांगते: सी दोनदा, ई दोनदा. नेहमीच्या वापरातले असे शेवटी ‘सीड’ लागणारे, दोन ई असलेले शब्द तीनच: सक्सीड, प्रोसीड, एक्सीड.

आता रोजच्या बोलण्याचं. घरगुती, किरकोळ कामाला ‘सक्सीड’ जरा जड वाटतं, कचेरीतल्या पत्रात शोभावं तसं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना मी कूलरची खस बदलली, तेव्हा “आय सक्सीडेड इन चेंजिंग द पॅड” म्हटलं असतं तर शेजारणीला वाटलं असतं मी अहवाल वाचतेय. तिथे “आय मॅनेज्ड टू चेंज इट” म्हणा. आणि इथे, बरं का, ‘टू’ बरोबर आहे.

त्या मुलाकडून मी पुढच्या मुलाखतीसाठी उत्तर घोटून घेतलं: “आय वॉन्ट टू सक्सीड इन दिस जॉब.” तो म्हणाला, “मॅडम, मॅनेजरकडे पाहून म्हणू का टेबलाकडे?”