भारतातलं लसीचं कार्ड आणि जर्मनीतली पिवळी पुस्तिका

सांगलीहून श्टुटगार्टला बिऱ्हाड हलवणाऱ्यांना मी सांगते, लसीची कार्डं सामानात नको, हातातल्या बॅगेत ठेवा. ज्या डोसची लेखी नोंद नाही तो झालाच नाही, असं इथले डॉक्टर धरतात. "अहो, सगळे डोस झालेत" हे ऐकून घेतात आणि पुन्हा टोचतात. त्याने अपाय होत नाही, पण रडारड कोणाला हवी?

म्हणून निघण्यापूर्वीच कार्ड भरून घ्या. आपल्याकडे बरेचदा नुसती बरोबरची खूण नाहीतर कंपनीचं नाव असतं. प्रत्येक डोसपुढे पूर्ण तारीख, कोणत्या आजारांवरची लस ते इंग्रजीत, सही आणि शिक्का हवा. बॅच नंबरचं स्टिकर असेल तर फारच छान.

इथे आल्यावर मुलांचे डॉक्टर या नोंदी 'इम्फपास' नावाच्या पिवळ्या पुस्तिकेत चढवतात. मुलांच्या तपासण्यांची वहीही पिवळीच! मी दोन्ही एकाच पाकिटात ठेवते. राहून गेलेले डोस तिथून पुढे पूर्ण करतात, सुरुवातीपासून नाही. अपवाद रोटाव्हायरसच्या, म्हणजे बाळांच्या जुलाबावरच्या लसीचा. ती द्यायचं वय पहिल्या काही महिन्यांतच उलटतं.

पहिली अडवणूक गोवरावरून होते. 1 मार्च 2020 पासूनच्या कायद्याने पाळणाघर आणि शाळेसाठी वयाच्या एका वर्षानंतर गोवराचा एक डोस आणि दोन वर्षांनंतर दोन डोस दाखवावे लागतात. आपल्या सरकारी दवाखान्यातली एमआर (गोवर-रुबेला) लस यात चालते, पण तीत गालगुंडावरची लस नसते. इथे गालगुंडासकट तिन्हींची एमएमआर देतात, त्यामुळे तेवढं राहिलंय का, हे विचारून घ्या. बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, मात्र इथे 1998 पासून सरसकट देत नाहीत. क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी करायची वेळ आली तर मुलाला बीसीजी दिलंय हे आधी सांगा. त्या लसीमुळेही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी रक्ताची चाचणी करता येते.

बाळंतपणासाठी आई किंवा सासूबाई येणार असतील तर डांग्या खोकल्याचं बघा. "आम्ही टीटी घेतलंय" असं त्या सांगतील, पण टीटी फक्त धनुर्वाताचं. डांग्या खोकल्यासाठी टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची एकत्र लस) लागतं. गेल्या दहा वर्षांत घेतलेलं नसेल तर बाळाच्या जन्माच्या निदान चार आठवडे आधी ते भारतातच घ्यायला लावा. प्रवासी विम्यातून असल्या लसींचे पैसे सहसा मिळत नाहीत.

सुट्टीत भारतात जायचं तर सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांची वेळ घ्या. हेपॅटायटिस ए (दूषित अन्नपाण्यातून होणारी कावीळ) आणि टायफॉइडच्या लसी इथल्या मुलांच्या नेहमीच्या वेळापत्रकात नाहीत. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हेपॅटायटिस ए लहानपणी नकळत होऊन गेलेला असतो, म्हणून आपण बिनधास्त पाणीपुरी खातो. इथे जन्मलेल्या मुलांच्या अंगात ती प्रतिकारशक्ती नसते. हेपॅटायटिस एची लस वर्ष पूर्ण झाल्यावर आणि टायफॉइडचं इंजेक्शन इथे दोन वर्षांनंतर मिळतं. प्रवासाच्या लसींचे पैसे आधी आपण भरायचे. बरेच सरकारी आरोग्य विमे बिल दाखवल्यावर परत देतात, म्हणून पावती जपा.

गावात भटकी कुत्री असतील तर रेबीजबद्दलही विचारा. आधी लस घेतलेली असली तरी कुत्रा चावल्यावर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथे दिलेल्या प्रत्येक डोसचा कागद मागून घ्या आणि परतल्यावर इम्फपासमध्ये चढवा.

आता आपल्याला ठाऊकच नसलेली एक लस. बाडेन-वुर्टेमबर्ग (श्टुटगार्टचं राज्य) आणि शेजारच्या बव्हेरिया राज्याचा जवळजवळ सगळा भाग गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या जोखमीचा आहे. रानात, बागेत फिरणाऱ्या कुटुंबाने ही लस हिवाळ्यात सुरू करावी, म्हणजे गोचिडी बाहेर पडायच्या आत पहिले दोन डोस होतात. तिसरा डोस नंतर काही महिन्यांनी असतो. त्याची तारीख डॉक्टरांच्या काउंटरवरच लिहून घ्या, कारण आठवण करून द्यायला कुणी फोन करेलच असं नाही.