स्कॉटलंडच्या चर्च-नोंदींत अडकलेला पणजोबा सापडला, त्याची गोष्ट

नवरा स्कॉटिश. सासूबाईंना त्यांच्या विणकर पणजोबांचं मूळ शोधायचं होतं. १८५१च्या जनगणनेत जन्मगाव स्पष्ट लिहिलेलं: किरीम्युअर, फॉरफरशायर परगणा (आताचं ॲंगस). पण 'स्कॉटलंड्सपीपल' या सरकारी साइटवर तिथल्या जुन्या पॅरिश रजिस्टरमध्ये (गावच्या चर्चच्या नोंदवहीत) बाप्तिस्म्याची नोंद काही मिळेना.

कोडं सुटलं ते उलट्या बाजूने. तिकडे सक्तीची नागरी नोंदणी १८५५ला सुरू झाली, आणि तेव्हापासूनच्या मृत्यूच्या दाखल्यावर मृताच्या आईवडिलांची नावं असतात. आईचं तर माहेरचं आडनावही. (लग्नानंतरही बायका कागदोपत्री माहेरचं आडनाव राखायच्या. वंशावळ शोधणाऱ्याला याहून मोठी मदत नाही.) पणजोबा १८५५ नंतर वारले, हे आमचं नशीब. दाखला काढला. मग मुलाचं नाव सोडून फक्त आईवडिलांच्या आडनावांवर शोध लावला, तोही स्पेलिंगमध्ये तारा-चिन्ह (*, म्हणजे तिथे कुठलंही अक्षर चालेल) घालून, कारण आडनावातल्या 'मॅक'चं स्पेलिंग प्रत्येक कारकून आपल्या मर्जीने लिहायचा.

तरी पॅरिश रजिस्टर कोरडंच. ते फक्त सरकारमान्य चर्च ऑफ स्कॉटलंडचं. १७३३ला त्यातून फुटलेल्या सिसेशन पंथाची मंडळी किरीम्युअरमध्ये बरीच होती, म्हणून त्याच साइटवरचा 'इतर चर्च' विभाग उघडला. तिथे होता! वाकड्या अक्षरात बाप, आई, बापाचा धंदा 'विणकर', सगळं एका ओळीत.

१७८३ ते १७९४ मधलं कुणी शोधत असाल तर जरा धीर धरा: तेव्हा प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, आणि अनेकांनी नोंदच केली नाही.